खंडेनवमीची सुट्टी

सोमवारी सकाळी साडेनऊला वीज खात्याच्या माणसांनी माझ्या बायकोला सील ठोकलं. बेकायदा मशीन म्हणून.

निरीक्षक बेहेरे दारात उभे राहिले. उष्णता मोजायचं पिस्तूल त्यांनी आधी भिंतीवर धरलं, मग पलंगावर, आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "सापडलं." आमच्या देशावर निर्बंध आहेत. बाहेरची कुठलीही बँक आमच्या पैशाला हात लावत नाही, म्हणून सरकार मशिनांकडून आभासी नाणी काढून घेतं आणि त्या नाण्यांवर बाहेरून औषधं आणतं. मशीन चाललं की तापतं. परवाना नसताना ज्या घरात काही तापतं, तिथे बेहेरे जातात.

"साहेब, ही कुमुद आहे. माझी बायको," मी म्हणालो. "तेरा दिवस ताप आहे तिला. टायफॉइड."

"सगळे असंच सांगतात, दिगंबरराव. परवा एकानं आजोबा आहेत म्हणून सांगितलं."

मीटरला लावतात तसलं शिशाचं सील त्यांनी तारेनं कुमुदच्या मनगटाला लावलं. मग मला दोन रस्ते सांगितले. एक, जप्ती. सरकारी गोदामात मशिनं एकावर एक रचून ठेवतात. दोन, परवाना. मी परवाना घेतला. दुसरं काय करणार होतो? अर्जात बनावटीचं साल विचारलं होतं, ते मी एकोणऐंशी लिहिलं. आवाज करते का, या रकान्यात लिहिलं, घोरते.

परवाना भिंतीवर लागला त्याच दुपारी कुमुद आकडे बोलायला लागली. डोळे मिटलेले, आवाज स्वच्छ, रेशन दुकानात नंबर पुकारतात तसा. जेवणाच्या सुमाराला एक नाणं पडायचं. पडायचं म्हणजे दिसायचं काही नाही. ती एकदा लांब उसासा टाकायची आणि खात्याचा माणूस "झालं" म्हणून निघून जायचा.

ज्या गल्लीत मशीन, त्या गल्लीला औषध आधी, असा नियम आहे. समोरच्या नलूवहिनींच्या नवऱ्याला चार महिन्यांनी इन्सुलिन मिळालं. कोपऱ्यावरच्या पेंढारकरांच्या जुळ्यांचा खोकला थांबला. मी बेहेऱ्यांना म्हटलं, साहेब, टायफॉइडच्या गोळ्याही आल्या असतील ना.

"मशीनला गोळ्या नसतात, दिगंबरराव. एकशे तीनच्या खाली तेवढं जाऊ देऊ नका. गार मशीन मोडीत जातं."

"मोडीत म्हणजे?"

"हातोड्यानं."

मी फ्रिज दुरुस्त करतो. करायचो, म्हणजे निर्बंधांमुळे गॅस यायचा बंद झाला तोवर. जन्मभर लोकांच्या वस्तू गार करून दिल्या आणि आता बायको गार होऊ नये म्हणून खिडक्या लावून बसलो होतो. हसावं की रडावं तेच कळत नव्हतं.

गल्लीतले लोक आधी विचारायचे, कुमुद कशी आहे. दुसऱ्या आठवड्यापासून विचारायला लागले, चालू आहे ना? आमच्या गल्लीत ऊन पोचत नाही. नवरात्र तोंडावर होतं, तेव्हा नलूवहिनी साबुदाण्याचे ओले पापड घेऊन आल्या आणि कुमुदच्या पांघरुणावर ओळीनं मांडून गेल्या. तासाभरात कडकडीत वाळले. मग सगळ्याच यायला लागल्या. मला राग आला, पण मी पापड उलटून ठेवायचो. करपले असते.

खंडेनवमीला हत्यारं, मशिनं यांना विश्रांती देऊन त्यांची पूजा करतात. खात्यालाही हे मान्य आहे. परिपत्रकच आलं, सूर्योदय ते सूर्यास्त मशीन बंद ठेवण्यास मुभा. मी पहाटेच मासळीबाजारातून दोन पोती बर्फ आणला. तिच्या काखेत, मानेशी, पायांशी लावला. गार करायचं काम मला येतं. नऊच्या सुमाराला आकडे अडखळले, मग थांबले.

"अहो, माशांचा वास कसला येतोय?" कुमुद म्हणाली.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. सतरा दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती.

"हे काय बांधलंय हाताला?"

"सरकारी आहे. असू दे."

बायका पूजेला आल्या. सीलवर हळदकुंकू वाहिलं, पलंगाला झेंडूची माळ बांधली. कुमुदला वाटलं, आपल्यासाठीच आल्यात सगळ्या. ती लाजली. केस नीट करायला तिनं माझ्याकडे फणी मागितली. नलूवहिनींनी तिची ओटी भरली आणि माझ्याकडे न बघता झपाझपा निघून गेल्या.

ओटीच्या तांदळात गोळ्यांची पट्टी होती.

"टायफॉइडच्या आहेत का हो?" कुमुद म्हणाली. "घेऊ?"

गोळी घेतली तर ती बरी होणार होती. बरी झाली तर गार राहणार होती, आणि गार मशीन कुठे जातं ते मला सांगून ठेवलं होतं. न घेतली तर ती किती दिवस टिकेल, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली. मी भित्रा माणूस आहे, हे कुमुदला लग्नापासून ठाऊक आहे.

"जेवल्यावर घे," मी म्हणालो आणि पट्टी खिशात टाकली. ती दोन घास वरणभात जेवली. गोळीची आठवण तिनं काढली नाही, मीही काढली नाही. मग ती गल्लीतल्या एकेकाची चौकशी करत बसली. नलूवहिनींच्या मिस्टरांना इन्सुलिन मिळालं, हे ऐकून तिला फार बरं वाटलं.

"कुणी केली सोय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, झाली कशीतरी.

दिवस मावळायला आला. बेहेरे पिस्तूल घेऊन उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं. बर्फ वितळून गादी चिंब झाली होती. कुमुदचे दात वाजायला लागले.

"अहो, थंडी वाजतेय मला," ती म्हणाली. "आपली गोधडी द्या ना."

मी गोधडी काढली. ती घालताना खिशात पट्टी करकरली. कुमुदनं माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोधडी तिच्या हनुवटीपर्यंत ओढली.

"अजून काही आहे का पांघरायला?" तिनं विचारलं.

मी दाराकडे वळलो. बेहेरे बाजूला सरकले होते. त्यांच्यामागे पार कोपऱ्यापर्यंत गल्ली रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात रजई होती. सगळ्यात पुढे नलूवहिनी होत्या. खांद्यावर दुलई, हातात ओल्या पापडांचं ताट.