पिंपाने निवडलेले टायर

"रुंदच घ्या मालक, गाडीला रुबाब येतो," टायरवाला म्हणाला आणि भिंतीला टेकवलेल्या एका जाडजूड टायरवर त्याने थाप मारली.

"चिखलात रुबाब कुणाला दाखवायचाय?" मागून पिंप बोलला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिंप म्हणजे मालकाच्या पिकअपवरचा हमाल. बुटका, रुंद, मान असून नसल्यासारखी, म्हणून पिंप. खरं नाव होतं त्याला, पण ते कुणी वापरत नव्हतं, आणि हळूहळू तोही विसरल्यासारखा झाला होता. मालक एकाच गाडीचा मालक होता आणि ती स्वतःच चालवायचा, पण माज मात्र दहा गाड्यांचा. त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा उभा होता. हा बायकोचा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला आणि मुक्कामच ठोकून बसला. ताडमाड उंच, अंगात मांस बेताचं, कामात लक्ष त्याहून बेताचं.

"बोला पिंपराव," मालक म्हणाला. "तुम्ही कुठले टायर घ्याल?"

थट्टा कळूनही पिंप पुढे आला. कोपऱ्यात उंच, अरुंद, खोल नक्षीचे टायर उभे होते, सात-पन्नास सोळा मापाचे. त्यातल्या एकाला त्याने हात लावला. "हे. वरच्या वस्तीच्या वाटेवर काळा चढ आहे ना, तिथं वर चिखल असला तरी खाली मुरूम आहे. रुंद टायर चिखलावर बसतो म्हशीसारखा, आणि एकदा बसला की उठत नाही. हा अरुंद आहे, चिखल कापून खाली जाईल, मुरमाला पाय लावेल आणि निघेल. उंच असल्यामुळे गाडीचं पोटही घासणार नाही."

"तुला रे काय माहीत?"

"मी मागं असतो ना मालक ढकलायला. टायर कसा फिरतो ते माझ्याइतकं कोण बघतं?"

"बघतं कसलं, खातं!" मालक मेहुण्याकडे वळून म्हणाला. "टायर फिरला की सगळा चिखल ह्याच्या पाठीवर नि थोबाडावर. खाऊन खाऊन हा टायरचा डॉक्टर झालाय!"

मेहुणा हसला, टायरवाला हसला. पिंपही हसला. मालकाच्या विनोदाला हसणं हेही गाडीवरचंच काम होतं, आणि ते तो चोख करायचा.

पण पिंप बोलला होता ते पोटातून. गेल्या पावसाळ्यात त्या काळ्या चढावर गाडी रुतली तेव्हा त्याने नेहमीसारखी पाठ लावली होती. मालक आत बसून ओरडत होता, "जोर लाव रे, खातोस ते जातं कुठं?" जोर लावताना उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन झालं आणि पिंप चिखलात तोंडावर पडला. गाडी निघाली. मालकाने मागे वळून पाहिलंही नाही, पुढे जाऊन हॉर्न वाजवत बसला. तेव्हापासून गुडघा धड नव्हता. पिंपाने ही गोष्ट बायको सोडून कुणाला म्हणता कुणाला सांगितली नव्हती, कारण लंगड्या हमालाला कोण ठेवतं? आणखी एक पावसाळा ढकलाढकली झाली असती तर सगळं उघडं पडलं असतं आणि काम गेलं असतं. गाडी रुतलीच नाही तर गुडघाही झाकलेला राहील, एवढाच त्याचा हिशेब. बिचारा चलाखी करत होता, आणि चलाखीची त्याला सवय नव्हती.

मालकाने थोडा वेळ रुंद टायरकडे लाडाने पाहिलं. मग म्हणाला, "बसव बाबा डॉक्टरचे. नाही चालले तर ह्यालाच चाकाखाली घालू."

पिंपाला वाटलं, जिंकलो. शर्टाच्या बाह्या वर सारून तो कामाला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण टायर गडगडत आणून देणं, कडेला साबणाचं पाणी लावणं, टायरवाल्याने टॉमीची सळई घालून कड रिमवर चढवली की दुसऱ्या बाजूने पाय देऊन दाबून धरणं, सगळं त्याने आपणहून केलं. लग्नघरात मुलीचा बाप धावपळ करतो तसा तो धावत होता. मेहुणा जुन्या काढलेल्या टायरांवर बसून मोबाईल बघत होता.

चारही चाकं बसली. मालकाने स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर पुढचा टायर मडगार्डला घासू लागला.

"उंच टायर म्हटल्यावर हे होणारच," टायरवाला म्हणाला. "स्प्रिंगला एकेक पाटा वाढवावा लागेल. गाडी अजून वर येईल. चालेल?"

"काय डॉक्टर?" मालकाने विचारलं. "उचलायची?"

"उचला की!" पिंप म्हणाला. "जितकी वर तितकी बरी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या उंचीचा आपल्याशी काय संबंध आहे, हे त्याच्या टाळक्यात आलंच नाही. त्याच्याच काय, तिथं कुणाच्याच आलं नाही. संध्याकाळी पाटे घालून गाडी खाली उतरवली तेव्हा ती पहिल्यापेक्षा चांगली पाच-सहा बोटं उंच झाली होती. पिंपाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि टायरवर हलकेच लाथ मारून पाहिली.

घरी बायको त्याच्या गुडघ्याला तेल लावत होती. तो सांगत होता, ती ऐकत होती.

"आता ढकलायला नको. झंझट मिटली."

"मग तुम्ही कशाला लागाल त्यांना?" ती म्हणाली.

"आणि पोती कोण भरणार? तुझा बाप?"

"तो मेहुणा आहे ना आयता बसलेला."

"त्याला उशी उचलवत नाही, पोतं काय उचलणार! भलतंसलतं बोलू नकोस. इतकी वर्षं झाली, मालक बोलतो तिखट, पण ओळखतो माणसाला."

ती तेल जरा जास्तच जोराने चोळू लागली.

सकाळी गोदामात सिमेंट भरायचं होतं. पिंपाची भरायची स्वतःची एक रीत होती. तो वाकायचा, गोदामवाला पाठीवर पोतं ठेवायचा. पिंप चालत गाडीपाशी जायचा, गाडीकडे पाठ करायचा आणि थोडा मागे रेलायचा. पिकअपची मागची फळी बरोबर त्याच्या पाठीच्या खालच्या अंगाला यायची आणि पोतं आपोआप आत सरकायचं. हाताने उचलणं नाही, झटका नाही. उंच हमालांना गुडघे वाकवून ती उंची गाठावी लागायची, त्याला ती जन्मतः मिळाली होती. बुटकेपणाची सगळ्या जगाने टिंगल केली होती, पण ह्या एका ठिकाणी देवाने त्याचं माप घेऊनच गाडी बनवली असं तो म्हणायचा.

पहिलं पोतं पाठीवर घेऊन तो मागे रेलला आणि पोतं फळीच्या कडेवर आपटलं. पिंप दोन पावलं पुढे भेलकांडला. त्याला वाटलं अंदाज चुकला. पुन्हा मागे गेला, पुन्हा आपटलं. मग त्याला कळलं. फळी पाच-सहा बोटं वर गेली होती.

तो चवड्यांवर उभा राहिला. कसंबसं ते पोतं आत गेलं. दुसरंही गेलं, पण गुडघा थरथरू लागला. तिसऱ्याला चवड्यांवर चढताना गुडघ्याने दगा दिला. पोतं घरंगळून खाली पडलं, फुटलं आणि सिमेंटचा लोट उठला. त्यातून पिंप उभा राहिला तो डोक्यापासून पायापर्यंत राखाडी.

"अरे वा, पुतळा!" मेहुणा टाळी वाजवून म्हणाला.

"पुतळा कसला, पिंपाला भोक पडलंय," मालक म्हणाला, पण ह्या वेळी तो हसत नव्हता. त्याची नजर पिंपाच्या पायावर होती. "लंगडतोस का रे?"

"नाही मालक, पाय मुरगळला आत्ता."

"आत्ता?" मालकाने मान हलवली. "ए, तू घे रे पुढचं."

मेहुण्याने नाक मुरडलं, पण मोबाईल खिशात टाकला. गोदामवाल्याने पोतं त्याच्या खांद्यावर दिलं. तो गाडीपाशी गेला आणि जागच्या जागी खांदा झुकवला. पोतं थेट आत. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. ज्याला उशी उचलवत नव्हती त्याने कुरकुरत का होईना, सगळी गाडी भरली. पिंप बाजूला उभा राहून अंगावरचं सिमेंट झटकत होता. ते काही केल्या झटकलं जात नव्हतं.

गाडी निघाली तेव्हा मेहुणा पुढे बसला. ती जागा पिंपाची होती, पण तो मागे पोत्यांवर बसला. पायाशी त्याचा लाकडी ठोकळा होता. गाडी रुतली की चाक मागे घसरू नये म्हणून खाली लावायचा हा ठोकळा त्याने स्वतः तासून केला होता. तो हातात घेऊन बसला असताना त्याला युक्ती सुचली. पाच-सहा बोटंच तर हवी होती! ठोकळा मागे ठेवायचा, त्यावर उभं राहायचं, झालं. उंची परत मिळाली. एवढ्याशा गोष्टीला आपण उगाच घाबरलो असं वाटून तो एकटाच हसला.

काळा चढ आला. पिंप सवयीने उडी मारायला उठला. पण गाडी थांबलीच नाही. अरुंद टायर चिखलात घुसले, चिखल दोन्ही अंगांना उघडला, आणि खाली मुरूम लागल्याचा करकर आवाज पिंपाला वरपर्यंत ऐकू आला. गाडी एका दमात चढली. पिंपाला सगळ्याचा विसर पडला. "बघितलंत मालक!" तो टपावर थापा मारत ओरडला. "सांगितलं होतं ना! बघितलंत!"

आत मालकाने गिअर बदलला.

वरच्या वस्तीवर गवंडी वाट बघत होता. मेहुण्याने आणि गवंड्याने मिळून पोती उतरवली. पिंपानेही दोन उतरवली. शेवटचं पोतं तेवढं राहिलं तसा तो मालकापुढे गेला.

"मालक, सकाळच्या घोळावर इलाज सापडला. दाखवतो."

त्याने गाडीमागे ठोकळा ठेवला, पायाने दाबून घट्ट केला. ते शेवटचं पोतं गवंड्याला पाठीवर ठेवायला लावलं. डावा पाय ठोकळ्यावर, मग हळूच उजवा. मागे रेलला. पोतं अलगद आत सरकलं, अगदी पहिल्यासारखं.

"जमलं की!" गवंडी म्हणाला.

पिंपाने मालकाकडे पाहिलं. घामाने त्याच्या तोंडावरच्या सिमेंटच्या रेघा झाल्या होत्या.

"जमलं," मालक म्हणाला. "पण आपण इथं माल भरायला आलोय का उतरवायला? काढ ते बाहेर."

पिंपाने पोतं पुन्हा पाठीवर घेतलं आणि गवंड्याच्या थप्पीवर नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा मालक टायरला टेकून उभा होता.

"टायर मात्र झकास निघाले हां पिंप. तुझं खरं. उंच आणि अरुंद, तेच कामाचं." त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला. "रुंद नुसतं बसून राहतं."

पिंप सवयीने हसला. हसून झाल्यावर त्याला अर्थ लागला.

"मालक, म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून हा येईल. ढकलायला आता माणूस लागत नाही, आणि दर पोत्याला ठोकळ्यावर चढउतर करायला ही काय नाचगाण्याची पार्टी आहे? पायाला आराम दे."

"मालक, पाय बरा होईल. इतकी वर्षं..."

"वर्षं माझीपण गेली की. मी कुणाकडे रडतो का?"

गरज सरो नि वैद्य मरो. गवंडी दुसरीकडे बघू लागला. खाली जायला वस्तीवरची माणसं गाठोडी घेऊन आली होती. ती भाडं देणारी माणसं होती, म्हणून मागची जागा त्यांची झाली.

"तू ये चालत," मालक दार लावताना म्हणाला. "उतारच आहे." गाडी सुरू झाली, आणि मेहुण्याने खिडकीतून हात काढून मागच्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं. "तो तुमचाच ना? घेऊन जा. आम्हाला नाही लागणार."

पिंप ठोकळा काखेत मारून निघाला. काळ्या चढावर चिखल होता, पाय टाकला की बुडत होता. मग त्याला टायरांच्या चाकोऱ्या दिसल्या. दोन अरुंद, खोल रेषा, तळाशी घट्ट मुरूम. तो त्यातल्या एकीत उतरला. रुंद माणूस, अरुंद वाट; एकापुढे एक पाऊल ठेवत, ठोकळा छातीशी धरून तो सांभाळून उतरत गेला. पाय एकदाही घसरला नाही. टायर खरंच चांगले निवडले होते.

घरी पोचला तेव्हा बायकोने बंबात पाणी तापवून ठेवलं होतं. वस्तीच्या फेरीच्या दिवशी ती नेहमीच ठेवायची, कारण गाडी ढकलताना त्याच्या पाठीवर उडालेला चिखल वाळला की निघता निघत नसे. ती घासणी घेऊन बाहेर आली, त्याच्या मागे गेली आणि थांबली. शर्टाची पाठ सिमेंटने राखाडी झाली होती. पण चिखलाचा एक शिंतोडाही नव्हता.

"गाडी चढली का?" तिने विचारलं.

"चढली," तो म्हणाला. "एका दमात."

तिने घासणी ठेवून दिली. मग त्याच्या काखेतला ठोकळा काढून घेतला, पदराने पुसला आणि दाराशी ठेवला. "बसा," ती म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्याला लावायला तेल आणायला आत गेली.