पंधरापर्यंत सावकाश

मी एक नळी बोलतेय. नळी म्हटल्याबरोबर बागेला पाणी घालणारी किंवा गॅसच्या शेगडीला जोडलेली माझी एखादी दांडगी बहीण तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. मी तशी नाही. मी पांढरी, मऊ आणि बुटाच्या नाडीएवढी बारीक. माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची आणि शिंक आली तर बाहेर पळायची. ते पाहून मला वाटलं, जग सगळीकडे असंच स्वच्छ असतं. नवी होते, त्यामुळे वाटलं.

पुढे कित्येक महिने मी पाकिटात झोपून काढले. एके दिवशी ऑपरेशनच्या खोलीत ते पाकीट उघडलं आणि मी एका पाच वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आले. तिच्या रक्तात आजार होता. सुया टोचून टोचून हातांच्या शिरा रुसल्या होत्या, एक शीर सापडायला चार-चार वेळा टोचावं लागे. तेवढा वेळ तिची आई दाराबाहेर कानांवर हात ठेवून उभी राही. म्हणून डॉक्टरबाईंनी मला तिच्या मानेतल्या मोठ्या शिरेतून आत सरकवलं. माझं एक टोक गेलं थेट हृदयाच्या उंबऱ्याशी, आणि दुसरं कातडीखालून येऊन छातीवर बाहेर लोंबत राहिलं. त्याला एक निळं टोपण. औषध द्यायचं, रक्त द्यायचं, तपासायला काढायचं, सगळं माझ्यातूनच. टोचाटोची बंद!

शुद्धीवर आल्यावर मुलीने खाली पाहिलं.

"आई, मला शेपटी आली?"

"हो गं बाई," आई म्हणाली.

"पण पुढून का?"

बाजूला वॉर्डच्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खार झोपली ना, की शेपटी अशीच पुढे घेते. अंगावर पांघरूण म्हणून." झालं! त्या दिवसापासून मुलगी खारूताई आणि मी तिची शेपटी. आई कपडे शिवण्याचं काम करायची. मला हिसका बसू नये म्हणून तिने उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची एक थैली शिवली, बटणवाली. कारखान्यात माझे इतके लाड कुणी केले नव्हते.

उंबऱ्याशी राहण्याचा एक फायदा असतो, घरातलं सगळं कळतं. कडू गोळी उशीखाली लपवून खारूताई "गिळली" असं आईला ठणकावून सांगायची, तेव्हा आत केवढी धडधड व्हायची ते मला एकटीलाच ठाऊक. मी कधी चहाडी केली नाही.

मीही शहाणी होते असं नाही. एकदा मी अडून बसले. पोटात रक्ताची बारीकशी गुठळी धरली होती, त्यामुळे औषध पुढे जाईना. सिस्टरांनी खारूताईला हात वर करायला लावला, कुशीवर वळवलं, खोकायला लावलं. शेवटी गुठळी विरघळवणारं औषध तासभर माझ्यात भरून ठेवलं, तेव्हा कुठे मी मोकळी झाले. "मालकिणीवर गेलीय," सिस्टर म्हणाल्या, "समजूत काढल्याशिवाय ऐकायचं नाही."

आता त्या पंधराबद्दल सांगते. माझ्याशी कुठलंही काम करायचं असेल, तर आधी निळं टोपण स्पिरिटच्या कापसाने पंधरा सेकंद खसखसून घासायचं आणि वाळू द्यायचं. मी हृदयाशी जाणारी वाट आहे, टोपणावर बसलेला जंतू आत घुसला की त्याला अडवणारं कुणी नसतं. सिस्टर घासताना घड्याळाकडे बघून मोजायच्या. तेवढ्यात खारूताई कंटाळून चुळबुळ करायची, म्हणून एक दिवस त्या म्हणाल्या, "तूच मोज बघू."

ती मोजू लागली. "एक... दोन..." बारानंतर गाडी हमखास अडायची. छताकडे बघत ती तेरा शोधायची, सापडला की हसायची. पंधरा होईपर्यंत अर्धं मिनिट जायचं आणि माझं टोपण आरशासारखं लख्ख व्हायचं. त्या दिवसांत मला कसलीच काळजी नव्हती.

मग तिच्या मामाने मनावर घेतलं. मामा शाळेत कवायत शिकवायचा. रोज संध्याकाळी यायचा आणि पलंगाशेजारी ताठ उभा राहायचा. "खारूताई, सावधान! एक-दोन-तीन-चार, चल, जोरात!" महिनाभरात पोरगी तरबेज झाली. एका दमात पंधरापर्यंत. आई टाळ्या वाजवायची, शेजारच्या पलंगावरचे पालक कौतुकाने बघायचे आणि सिस्टरही हसत कापूस बाजूला ठेवायच्या. घड्याळाकडे बघायचं कुणाला सुचायचंच नाही. पंधरा व्हायचे खरे, पण चार सेकंदांत.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. आजवर एवढी तळमळ मला कधी वाटली नव्हती. तिचा मोजण्याचा आवाज ऐकायला मला फार आवडायचा, आणि तोच आता ऐकवत नव्हता.

एका सकाळी माझ्यातून सलाईन सोडलं आणि अर्ध्या तासात खारूताई थरथरायला लागली. दात वाजत होते, ओठ निळसर पडले होते, अंग भट्टीसारखं तापलेलं. डॉक्टरबाईंनी माझ्यातून एक आणि हातातून एक असं रक्त तपासायला पाठवलं आणि जालीम औषधं सुरू केली. जंतू दोन्ही नमुन्यांत निघाले, पण माझ्यातून काढलेल्या रक्तात ते आधी वाढले. त्यांचा ठिय्या माझ्याच अंगात होता. आतल्या भिंतीला ते असे चिकटून बसले होते की औषध वरून वाहून जायचं. दोन दिवस झाले तरी ताप हटेना, तिसऱ्या दिवशी रक्तदाब घसरला.

"नळी काढावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ताच."

आईने माझी थैली मुठीत धरली. "नका हो, डॉक्टर. परत त्या सुया? तिचे हात बघा एकदा."

"बघितलेत. पण नळी राहिली तर पोरगी राहायची नाही."

आईच्या हाताखाली मी होते. ती मला वाचवायला बघत होती आणि मी मनातल्या मनात तिला विनवत होते, सोड मला, अगं सोड. शेवटी तिनेच थैलीचं बटण काढलं.

मामा भिंतीला टेकून उभा होता. "ताई, मी शिकवलं तिला," तो म्हणाला. "पळत मोजायला मीच शिकवलं."

मोठ्या सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "पाच वर्षांची पोर नि तिचा मामा, तुमचा काय दोष? घड्याळ माझ्याकडे होतं. मी पोरीच्या तोंडाकडे बघत बसले. डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय. पोरीला मात्र यातलं अक्षरही कळता कामा नये."

मी निघाले. उंबऱ्यापलीकडची धडधड शेवटची ऐकली, फार घाईची आणि दमलेली होती.

आता मी पूर्वीची उरलेली नाही. बोटाच्या दोन पेरांएवढं माझं टोक कापून प्रयोगशाळेत पाठवलं, बाकीची मी कचऱ्यात गेले. इथल्या काकांनी मला जंतू वाढवायच्या एका थाळीवर लाटल्यासारखं फिरवलं आणि बाटलीत ठेवलं. थाळीवर जे उगवलं ते रक्तातलेच जंतू होते. जन्मभर चहाडी केली नाही, शेवटी स्वतःचीच केली.

आज काकांना वॉर्डमधून फोन आला. हातांत मोजे होते, म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मोठ्या सिस्टर बोलत होत्या. ताप उतरलाय, रक्तदाब सुधारलाय, तूर्त हातातल्या सुईवर काम चाललंय, नवी नळी थोड्या दिवसांनी. मी बाटलीत पडल्या पडल्या एकेक शब्द टिपत होते.

"थांबा हं, सुईचं टोपण घासतेय," सिस्टर म्हणाल्या. मग मागून मामाचा आवाज आला, "काट्याच्या पुढे पळायचं नाही. सावधान!"

"एक," खारूताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच होता. "दोन." मध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बारानंतर ती जराही अडली नाही, फक्त काट्यासाठी थांबली. पंधरा झाले, तेव्हा काकांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान हलवली.

उद्या माझी बाटलीही कचऱ्यात जाईल. जाऊ दे. तुमच्या घरात कुणा लेकराच्या छातीवर माझी एखादी बहीण असेल, तर त्याच्या मोजण्याचं खुशाल कौतुक करा, फक्त डोळे घड्याळावर ठेवा.

फोन ठेवता ठेवता खारूताईने विचारलं, "काका, माझी शेपटी तिथे आहे का?"

काकांनी बाटलीकडे पाहिलं. "आहे की."

"तिला सांगा, मी आता सावकाश मोजते."

ऐकलं गं. पंधराच्या पंधरा ऐकले.