चंद्रीची धार

आषाढात आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, घसरून पडल्या. मांडीचं ऑपरेशन नीट झालं, पण जमिनीवर पाय टेकायची भीती काही जाईना. वर्ष सरत आलं तरी त्या खाटेवरच. त्यात नुकतीच व्यालेली चंद्री म्हैस त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देईना.

एकतीस डिसेंबरला जयराज, माझा नवरा, फौजेतून सुट्टीवर आला होता. म्हणाला, "आईचं लुगडं दे. वासानं फसंल ती."

डोक्यावर पदर, खाली झुबकेदार मिशा, हातात चरवी. त्याला बघून माझ्या कडेवरची ओवी ओरडली, "आज्जी!"

पोरगी फसली, म्हैस नाही. चंद्रीनं पदर हुंगला आणि एका लाथेत चरवी उडवली.

"आरं मुडद्या, आदी थोपट की तिला!"

आत्ती! गोठ्यात, स्वतःच्या पायांवर उभ्या. त्यांचा हात पाठीवर पडताच चंद्री निवांत झाली. जयराजनं मुकाट धार काढली.

मग आत्तींनी खाली पायांकडं बघितलं. "पूजा, मी हितं आले कशी गं?"

"चालत, आत्ती." मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"आता माघारी कशी जाऊ?"

जयराजनं खांदा पुढं केला. "धर मला."

"तू आदी लुगडं फेड. लोकं म्हंतील, म्हातारीला मिशीवाली जाऊ आली!"

निघताना त्यांनी चंद्रीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला.

"उद्या सकाळी येते गं," त्या तिला म्हणाल्या.