कुणी जायचं

चूक माझीच. फोनवर मुलांच्या आईला एवढंच म्हणाले होते, "दोघा भावंडांना काही महिने वेगळं ठेवा." कुणी जायचं ते बोललेच नाही. दिवसातला अकरावा फोन होता, जीव मेटाकुटीला आलेला. पण वीस वर्षं मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या बाईला हे कारण शोभतं का?

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर दाराशी आठ वर्षांच्या मुलीची बॅग भरून तयार. चौदा वर्षांचा दादा तिच्याशी नको ते वागला, तिने धीर करून शाळेतल्या बाईंना सांगितलं, आणि आता मावशीकडे चालली होती तीच! माझं डोकंच फिरलं. मुलीला गॅलरीत पाठवलं आणि आईबाबांना समोर बसवलं.

"त्याची परीक्षा आहे हो," आई म्हणाली. "ही लहान आहे, रमेल तिकडे."

"आणि सांगितल्याची शिक्षा मिळाली, असं नाही वाटणार तिला?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मुलगा राक्षस नाही, त्याला समुपदेशन मिळेल, शाळाही सुटणार नाही. पण घर सोडायचं ते त्याने. मावशीकडे लहान मूल नाही, तिला सगळं सांगून तोच तिथे राहील. हे किती घरांत बोलले असेन देव जाणे. जीभ झिजली माझी.

आतल्या खोलीतून दादा बाहेर आला, मान खाली. "मी जातो," पुटपुटला आणि कपडे भरायला लागला. घरात शहाणं कोण निघालं बघा! त्याचा राग होताच, तरी परीक्षेची पुस्तकं घ्यायची आठवण मीच करून दिली.

तासाभराने बाबा त्याला घेऊन गेले. मुलगी गॅलरीतून आत आली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता सगळे म्हणणार, मीच दादाला घालवलं."

उत्तर मला तोंडपाठ होतं. पण माझं ऐकून तिला काय होणार? मी उद्या दुसऱ्याच घरी. मी आईकडे वळले. "हे तुम्ही सांगायचं."

आई खाली बसली आणि तिने लेकीला जवळ ओढलं.

"मी पाठवलं त्याला," ती म्हणाली. "तू नाही गं. मी."