अडलेलं गाऱ्हाणं आणि मी

मी ताडपत्रीची सॅक. आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ट्रकवर घालतात त्या कापडाची मी, स्वभावही तसाच राठ.

मला शिवलं गुणाजीने. रे रोडला तो ताडपत्र्या शिवायचं काम करतो. त्याची मुलगी दर्शना कॉलेजात असताना ट्रेकला निघाली, तेव्हा बाजारातल्या सॅकांना नावं ठेवत त्याने उरल्यासुरल्या तुकड्यांतून मला उभं केलं. "माझ्या चेडवाच्या पाठीवर हलका कापड नको," म्हणाला. आपल्याच हाताने आपण कशाची तयारी करतोय, हे त्याला काय ठाऊक.

दर्शना नुसत्या ट्रेकवर थोडीच थांबणार? नोकरी लागल्यावर एकदा लांब रजा काढून कुमाऊंला मधमाशा पाळणाऱ्या एका बाईकडे राहिली. हाताला डंख, तोंडभर हसू. परत आल्यावर ऑफिसात तिचं मन लागेना.

"मी नोकरी सोडतेय," एकदा जेवताना म्हणाली. "एकेका गावात राहायचं, तिथलं काम करायचं, शिकून झालं की पुढे. मला असंच जगायचंय."

"किती दिवस?" गुणाजीने विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

झालं. लालबागच्या त्या खोलीत बापलेकीचा अबोला सुरू झाला. तिची आई अंबिका मधल्यामध्ये भरडली गेली. गुणाजी तर माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच पोरीला फूस लावलीय. एकदा ब्लेड घेऊन मला मांडीवर ओढलं. आता पट्टे उसवतो की काय, माझा जीव टांगणीला. खूप वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत बसला आणि ब्लेड ठेवून दिलं.

निघायचा दिवस आला. खाली टॅक्सी उभी. पण या घरात गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नाही. घरचा कर्ता नारळ ठेवून देवाला साकडं घालतो, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी म्हणायचं, नाहीतर गाऱ्हाणं पुरं होत नाही. अंबिका दारातच उभी राहिली. "गाऱ्हाणं होऊ दे, मगच उंबरा ओलांड."

गुणाजी उठला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझा चेडू आज लांब जाता हा. तिका खंय ठेच लागू नको."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"गणपतीच्या आदी तिका घराक परत हाड, आणि हयंच तिचा बस्तान बसव."

अंबिका म्हणाली, "व्हय म्हाराजा." दर्शना गप्प.

माणसांची ही खोड मला चांगली ठाऊक आहे. तोंडावर बोलता येत नाही ते देवाच्या नावावर खपवायचं. पण हिने देवासमोर खोटा होकार दिला नाही. माझे पट्टे तिने इतके घट्ट धरले होते की तिच्या हातांचा घाम मला लागला. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. कुणी हललं नाही. गुणाजीचे हात जोडलेलेच, डोळे मिटलेले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे नाही म्हणता येणार मला."

त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मग त्याने नव्याने सुरुवात केली.

"म्हाराजा, ती जंय जायत थंय तिच्या पाठीशी उभो रव. शिकात ता तिच्या हाताक लागांदे. आणि कधी घराची आठवण इलीच, तर वाट सापडांदे."

"व्हय म्हाराजा," दर्शना म्हणाली आणि रडली.

आता मी केरळात, लाकडी होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. दर्शना फळ्यांच्या फटींत सूत ठोकून भरायला शिकलीय. काल अंबिकाचा फोन आला. "गणपती जवळ आले. बाबांनी सांगितलंय, तिला ये म्हणू नकोस. म्हणून मी म्हणत नाहीये."

दर्शना खूप हसली. मग मला खाली काढलं, झटकलं आणि कपडे भरायला लागली. वर स्वतः बनवलेली, सूत ठोकायची छोटी लाकडी मोगरी ठेवली, बाबांना दाखवायला.

म्हणजे घरी निघालोय. आनंद आहे, पण खरं सांगते, धास्तीही आहे. गुणाजी, माझा डावा पट्टा उसवत आलाय. दोन टाके घाल, भक्कम घाल. पण त्यानंतर मला माळ्यावर टाकू नकोस. तुझ्या हाताने पुन्हा तिच्या पाठीवर चढव.