चौकशीला आलेला पाहुणा

समाधानने बशीत चहा ओतला आणि रस्त्यापलीकडच्या कोल्ड स्टोरेजकडे मान वळवली.

"याचे मालक गोरक्षशेठ, माणूस कसा आहे हो?"

टपरीवाल्या गेणूने त्याला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्याचा चेहरा एकदम खुलला.

"पाहुणे कुठले म्हणायचे?"

"सिन्नरकडचे."

"मग डोळे झाकून सोयरीक करा. शेठची भाग्यश्री लय गुणाची पोर हे. आईचं वळण हे तिला."

समाधान नुसता हसला. कुणी बडा गुंतवणूकदार एखाद्या धंद्यात पैसा घालणार असला, की समाधानची मुंबईची कंपनी त्याला आधी गुपचूप खरंखोटं काढायला पाठवायची. आपण कोण हे सांगायचं नाही, हा पहिला नियम. आणि पिंपळगावसारख्या गावात परका माणूस एखाद्या घराची चौकशी करतो ती एकाच कारणासाठी, हे तो लहानपणापासून जाणत होता. गैरसमज आयताच हाती आला होता. मोडायचा कशाला?

दिवसभर तो जिथे टेकला तिथे पोरीचं, आईचं, घरच्या रीतीभातीचं कौतुकच कानावर आलं. पोरीच्या सोयरिकीत मोडता घालायचं पाप कोण घेणार! पण धंद्याचं विचारलं की जो तो "चाललंय की" म्हणून दुसरीकडे बघायचा. समाधानला तेवढं पुरलं. उन्हं उतरल्यावर तो कोल्ड स्टोरेजच्या मागे गेला. कागदोपत्री सगळ्या खोल्या द्राक्षांनी भरलेल्या होत्या. इथे ऐन हंगामात एकाही यंत्राची घरघर नव्हती आणि पाण्याच्या हौदात शेवाळ वाळून गेलं होतं.

गुंतवणूक करू नये, असं त्याने कळवलं. व्यवहार फिसकटला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी तो पुन्हा पिंपळगावला उतरला. स्टँडवर एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी सिंधुबाई. भाग्यश्रीची आई. गेणूनं दाखवलं तुम्हाला."

समाधान एक पाऊल मागे सरला.

"भांडायला नाय आले, दादा. तुम्ही चौकशी करून गेले, पुन्हा निरोप नाय. लोक म्हणतात, पाहुण्यांना पोरीचं काहीतरी कळलं असंल. नंतर आलेली स्थळंही माघारी गेली. पोर घराबाहेर पडत नाय. तिच्यात काय खोट निघाली, तेवढं सांगा."

खरं सांगावं तर नोकरी जाणार. इतकी वर्षं लोकांच्या पोटातलं काढून घेतलं, आणि आज या बाईला द्यायला एक खरं वाक्य जवळ नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी, पोरीवर बोल राहू नये म्हणून, स्थळ नाकारताना सगळे सांगतात तेच त्याने सांगितलं.

"पोरीत काही खोट नाही, मावशी. पत्रिका जुळली नाही, एवढंच."

सिंधुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पदराचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं.

"तिची पत्रिका," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कुणी दिली, दादा? आमच्या घरातून तर ती अजून बाहेरच गेली नाय."