डॉक्टरबाईंचा घसा

पहिल्यांदा सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. आमचं औषधांचं दुकान आहे. हे खरेदी आणि हिशेब बघतात, मी लग्न झाल्यापासून काउंटरवर उभी आहे. काउंटरवर उभं राहून माणसाला एक खोड लागते. समोरच्याच्या हातातली चिठ्ठी वाचून आपल्या पोटात गोळा आला, तरी तोंडानं म्हणायचं, "काही नाही हो, होईल सगळं ठीक, काळजी करू नका." निम्मं दुखणं तिथंच उतरतं. लोक दोन दुकानं ओलांडून आमच्याकडे येतात ते माझ्या या वाक्यासाठी, असं हे म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

त्या देशात जायचं ठरवलं यांनीच. निवडणुका पुढे ढकलल्या, पोरांना उचलून नेलं, रात्री रस्त्यावर यायला बंदी, अशा बातम्या आपण टीव्हीवर बघतो आणि चॅनल बदलतो. यांनी चॅनल बदललं नाही, हॉटेलांचे दर बघितले. निम्म्याहून खाली आले होते.

"तळ्याकाठचं हॉटेल, गं! एरवी आपल्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

माझ्या नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर कडाडली. "तिथं आया पोरांचे फोटो घेऊन रस्त्यावर बसल्यात आणि तुम्ही नावेत बसायला निघालात? जनाची नाही तर मनाची तरी!"

यांनी फोन हातात घेतला. म्हणाले, "ताई, आपण नाही गेलो तर तिथल्या गरिबांची चूल कोण पेटवणार? वेटर, ड्रायव्हर, खोल्या झाडणाऱ्या बाया. त्यांनी कुठं कुणाला उचललंय?"

हे म्हणणं खोटं नव्हतं. अजूनही मला ते खोटं वाटत नाही. पण आम्ही दर बघितले आधी आणि गरिबांची आठवण झाली नंतर, एवढं मात्र खरं.

हॉटेलात आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. जेवणाच्या हॉलमध्ये सगळी टेबलं मांडलेली, पांढरेशुभ्र रुमाल घडी घातलेले, आणि मधल्या टेबलावर आम्ही दोघं टोस्टला लोणी लावत बसलेलो. मॅनेजर इतका हसायचा की यांनी त्याचं नाव हसरेसाहेब ठेवलं. गावात जायचं म्हटलं की हसरेसाहेब आपली गाडी द्यायचे आणि ड्रायव्हर आम्हाला मागच्या रस्त्यानं न्यायचा. चौकातून का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तिकडे खोदलंय." तळं मात्र सुरेख होतं. ते सुरेख होतं हे आता सांगतानाही लाज वाटते.

आमची खोली एक तिशीची मुलगी आवरायची. अंगानं बारीक, पण गादी अशी उचलायची की मी बघत राहायचे. हॉटेलात काम करून तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, माझंही तसलंच, त्यामुळे आमचं छान जमलं. दुसऱ्या दिवशी तिनं आरशाखालची माझी औषधांची पिशवी बघितली. आम्ही दुकानदार माणसं, प्रवासाला निघालो की अर्धं दुकान बरोबर घेतो. तिनं खिशातून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट काढलं आणि विचारलं, "हे आहे?"

तिच्या आईच्या रक्तदाबाची गोळी होती. गावातली दुकानं महिनाभर उघडत-मिटत होती, माल येत नव्हता. मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. यांचीही तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, कंपनी तेवढी वेगळी. जास्तीची दोन पाकिटं होती ती दिली, कधी घ्यायची ते दोनदा समजावलं, आणि सवयीनं म्हटलं, "आईला सांग, काळजी करू नका."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "थँक्यू, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही, हे सांगायला एक श्वास पुरला असता. पण आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईला कुणी डॉक्टर म्हटलं तर किती गोड लागतं, ते तुम्हाला नाही कळायचं. मी नुसते तिचे हात थोपटले. दुसऱ्या दिवशी सगळं हॉटेल मला डॉक्टर म्हणायला लागलं. हे गालातल्या गालात हसत होते.

आणि मग टीव्हीवाला आला.

आम्ही नाश्ता करत होतो. हसरेसाहेबांनी त्याला टेबलापाशी आणलं. कोट, भांग, तोंडात साखर. पाहुण्यांचे दोन शब्द हवेत म्हणाला. त्याच्यामागे कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे साध्या कपड्यातला एक माणूस, हात मागे बांधून उभा. यांनी तत्परतेनं मला पुढे केलं. घरात कुणी पाहुणा आला तरी बोलायला हे मलाच पुढे करतात.

"डॉक्टर, तुम्हाला इथं काही त्रास वाटला? बाहेर लोक काहीबाही बोलतात."

काय करावं मी? तोंडात टोस्टचा घास होता. तो गिळला आणि जे आयुष्यभर म्हणत आले तेच म्हटलं. हसून म्हटलं, अगदी काउंटरवर म्हणते तशा आवाजात. "काही नाही हो. सगळं ठीक आहे. काळजी करू नका."

"वा!" टीव्हीवाला म्हणाला. साध्या कपड्यातल्या माणसानंही मान हलवली. हसरेसाहेबांनी आम्हाला दुपारी नावेची सफर हॉटेलतर्फे दिली आणि आम्ही ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला तीच आली, पण माझ्याकडे बघेना. उशा थोपटल्या, टॉवेल बदलले. मी म्हटलं, "आई कशी आहे? गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. पाहुण्यांच्या पलंगावर बसायची त्यांना बंदी होती. ती बसली म्हटल्यावर मी घाबरले.

तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तिचा धाकटा भाऊ मोर्चात होता. वसंतात त्याला घरातून उचललं. चौकात पोलिसांचं जे मोठं कार्यालय आहे त्यात तो आहे असं म्हणतात, आहे की नाही ते कुणी सांगत नाही. ड्यूटी संपली की ती त्या फाटकासमोर जाऊन बसते. तिच्यासारखी पुष्कळ माणसं तिथं बसतात, मांडीवर फोटो घेऊन. काल संध्याकाळी पोलिसांनी तिथं एक गाडी आणली, गाडीवर मोठा पडदा. पडद्यावर मी.

"परदेशी डॉक्टर, असं खाली लिहिलं होतं. पुन्हा पुन्हा लावत होते. सगळं ठीक आहे, काळजी करू नका. सगळं ठीक आहे, काळजी करू नका. मग म्हणाले, बघा, बाहेरची डॉक्टर सांगते. आता घरी जा."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले.

"एक म्हातारी उठली," ती म्हणाली. "रोज माझ्या शेजारी बसते. म्हणाली, डॉक्टर म्हणते तर असेल बरा माझा मुलगा. आणि घरी गेली. तिला बरं वाटलं."

माझ्या त्या वाक्याला गुण आहे हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते ऐकून मी उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. वाटलं, तिनं गोळ्यांची पाकिटं माझ्या अंगावर फेकावीत, दोन शिव्या द्याव्यात. पण तिच्या आईला गोळ्या हव्या होत्या. तिला तेवढा राग परवडणारा नव्हता.

मी तावातावानं म्हटलं, "उद्या आम्ही निघतोय. तो टीव्हीवाला निरोपाला येणार आहे ना? मी सांगते सगळं! तुझ्या भावाचं, फाटकाचं, सगळं बोलते त्याच्या तोंडावर!"

ती ताडकन उठली. "नाही! भावाचं नाव नको. माझं नको. तुम्ही विमानात बसाल, डॉक्टर. मी कुठं जाऊ?"

"मग काय करू? तू सांग."

"काही बोलू नका. तेच पुन्हा नको, एवढंच. नुसतं गप्प राहा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. आणि तेव्हाच म्हटलं, "आणखी एक, मी डॉक्टर नाही गं. दुकान आहे माझं." तिनं मान डोलावली. आता त्याचा काय उपयोग, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

ती गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे पांढरे पडले. म्हणाले, "पासपोर्ट अजून हसरेसाहेबांच्या कपाटात आहेत, माहितीये ना? नसती भानगड नको." मग खिडकी लावून घेतली. शेवटी म्हणाले, "तुझा घसा बसलाय असं सांगू."

खरं सांगते, युक्ती सुचल्यावर मला हायसं वाटलं. हायसंच नाही, थोडी मजाही वाटली. मी गळ्याला ओढणी गुंडाळली. आरशासमोर उभी राहून घोगरं बोलून बघितलं. घसा बसलेली माणसं मी रोज बघते, बोलायच्या आधी ती गळ्याला हात लावतात आणि डोळे बारीक करतात, तेही करून बघितलं. हे म्हणाले, "झकास!" त्या रात्री मी चांगली झोपले. आपण काहीतरी करतोय, त्या मुलीसाठी उभे राहतोय, या समाधानात झोपले.

सकाळी खालच्या हॉलमध्ये हॉटेलची सगळी माणसं रांगेत उभी केली होती. आचारी, वेटर, माळी, आणि टोकाला ती, धुतलेला एप्रन घालून. पासपोर्ट यांच्या हातात आले. टीव्हीवाल्यानं माइक माझ्यासमोर धरला.

"डॉक्टर, आमच्या देशाचा निरोप घेताना काय वाटतं?"

मी गळ्याला हात लावला, डोळे बारीक केले, मान हलवली. हे पुढे झाले, "घसा बसलाय हो तिचा. रात्रीपासून आवाजच नाही."

"अरेरे! मग तुम्ही बोला, सर."

"मला इंग्रजी जमत नाही," हे चक्क इंग्रजीत म्हणाले आणि हात जोडले.

टीव्हीवाल्यानं मागे बघितलं. साध्या कपड्यातला माणूस हसत नव्हता. त्यानं हसरेसाहेबांकडे नुसती नजर टाकली. हसरेसाहेबांचं हसू मी पहिल्यांदा उतरलेलं बघितलं. एवढा थाट केला होता तो कशासाठी? कुणीतरी बोलायला तर हवंच होतं. त्यांनी रांगेवरून डोळे फिरवले आणि तिला दंडाला धरून पुढे आणलं.

"हिला विचारा! हिनंच केली पाहुण्यांची सगळी सेवा. हिला इंग्रजीही येतं."

माइक तिच्या तोंडासमोर गेला. मी तिथं होते, चार पावलांवर. माझा घसा ठणठणीत होता. "थांबा, मी सांगते" असं म्हणायला काही लागत नव्हतं. पण मी गप्प राहायचं कबूल केलं होतं ना! मी अजूनही डोळे बारीक करून गळ्याला हात लावून उभी होते. अगदी व्यवस्थित करत होते सगळं.

"पाहुणे खूश होते?"

"हो, सर."

"आणि तू? तुझं घर, तुझी माणसं? सगळं कसं आहे? जगाला सांग."

ती एप्रनची किनार चिमटीत धरून होती. साध्या कपड्यातला माणूस एक पाऊल पुढे आला, नीट ऐकू यावं म्हणून सरकावं तसा.

"छान आहे," ती म्हणाली. "सगळे घरीच असतात."

"कोण कोण असतं घरी?"

"मी आणि आई."

"भाऊबहीण?"

तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं. आज संध्याकाळी ते कुठं लावतील, कोण कोण बघेल, हे त्या हॉलमध्ये तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"नाही," ती म्हणाली. "मला भाऊ नाही. मी एकटीच."

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "थांबा!" मी ओरडले. खणखणीत आवाज, हॉलभर घुमला. "ते नका दाखवू. मी बोलते. मी सांगते, सगळं ठीक आहे! काळजी करू नका! हवं तितक्यांदा सांगते, हिचं पुसून टाका!"

सगळे वळून बघायला लागले. यांनी माझा दंड आवळला. टीव्हीवाला कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागला होता. तो गोड हसला.

"झालं, डॉक्टर. मिळालं आम्हाला. तुम्ही घशाला आराम द्या."

ती परत रांगेत जाऊन आपल्या जागी उभी राहिली. हसरेसाहेबांनी खूण केल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

ते खोटं मी आधीच बोलले असते तर माझं काय जात होतं? एकदा बोललेच होते, दुसऱ्यांदा बोलले असते, आणि विमानात बसून रडले असते. पण मला स्वच्छ राहायचं होतं. म्हणून ते तिला बोलावं लागलं, जित्या भावाला नाही म्हणावं लागलं, त्याच्या फाटकासमोरच्या पडद्यावर.

गाडी हॉटेलच्या आवारातून बाहेर पडली. ड्रायव्हरनं मागचाच रस्ता धरला. यांनी पासपोर्ट खिशात घातले, वरून चाचपले आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, "शेवटी जरा गडबड केलीस. पण तिला दिलेला शब्द तर पाळलास ना, मग झालं."